एक कोटी, एकशे एक वर्षे

उज्जैन ते फतेहाबाद चंद्रावतीगंज हा लोहमार्ग जेमतेम 23 किलोमीटरचा. 15 नोव्हेंबर 2021 रोजी भोपाळच्या राणी कमलापती स्थानकावरच्या समारंभात पंतप्रधानांनी तो रुंदीकरण आणि विद्युतीकरण करून राष्ट्राला अर्पण केला. त्या दिवसाच्या बातम्यांत भोपाळच्या नव्या स्थानकाचे कौतुक झाले आणि या छोट्या फाट्याचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला. पण माळव्यातल्या रेल्वेचा इतिहास वाचायचा तर सुरुवात याच फाट्यापासून करावी लागते. महाकालाचे क्षेत्र, सिंहस्थाचे स्थान आणि शिंद्यांची पहिली राजधानी असलेल्या या नगरीत पहिल्यांदा रूळ आले ते आडवाटेच्या एका स्थानकातून फुटलेल्या फाट्यावरून. मुख्य मार्ग इंदूरहून रतलामकडे परस्पर निघून गेला. असे का झाले, याचे उत्तर भूगोलात थोडेसेच सापडते. बाकीचे सगळे पैशाच्या हिशेबात आहे: पैसा कोणी घातला, वचन कोणी दिले, बुडीत कोणाच्या खाती गेली आणि मार्ग ठरवताना शब्द कोणाचा चालला. अतिवेगवान रेल्वेसाठी सरकारने किती बांधिलकी पत्करावी आणि खासगी भांडवल कसे आणावे, यावर आज वाद चालतो. त्या वादातले बहुतेक प्रश्न उज्जैनच्या तीन वेगवेगळ्या मापांच्या रुळांनी आधीच सोडवून किंवा बिघडवून दाखवले आहेत.

अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि शहर पुन्हा नांदते झाले. पुढे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्कर येथे हलवली. राजधानी गेली की सावकारी पेढ्या, कारखाने आणि कामदारांची वर्दळ तिच्यामागे जाते. उज्जैनकडे यात्रा उरली, अफूचा आणि धान्याचा व्यापार उरला. माळव्याची अफू बैलांच्या तांड्यांवरून मुंबई बंदराला जात असे, आणि इंग्रज सरकार तिच्यावर दर पेटीमागे कर घेई. म्हणजे रेल्वे येण्यापूर्वीच माळवा ते मुंबई ही मालाची मोठी वाट होती. रूळ टाकणाऱ्याला माल शोधत फिरण्याची गरज नव्हती.

मुंबईला मात्र रेल्वे आली ती एका विचित्र कराराच्या आधाराने. 1845 पासून जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई अशी मंडळी लोहमार्गासाठी खटपट करीत होती. लंडनमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) कंपनी उभी राहिली, पण अनोळखी देशात पैसा अडकवायला इंग्रज भांडवलदार तयार होईना. अखेर 17 ऑगस्ट 1849 रोजी ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. भागधारकांच्या भांडवलावर दरसाल 5 टक्के व्याजाची हमी सरकारने दिली. जमीन फुकट, 99 वर्षांच्या मुदतीने. उत्पन्न 5 टक्क्यांहून कमी पडले तर उरलेला भाग हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा आणि जास्त झाले तर वरचा नफा निम्मा निम्मा वाटायचा. बुडण्याची भीती एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे, अशी ही रचना होती. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली, तो सोहळा आपण अभिमानाने आठवतो. त्याखाली दडलेला हा करार फारसा कोणी आठवत नाही.

या हमीचे फळ काय मिळाले? वीस वर्षांत चार हजारांहून अधिक मैल रूळ पडले, हे खरे, आणि ते लहान काम नव्हे. पण मैलामागे जो खर्च सुरुवातीला धरला होता, त्याच्या दुपटीहून अधिक झाला. ज्याला 5 टक्के काहीही झाले तरी मिळणार, त्याने काटकसर कशासाठी करायची? विटा महाग पडल्या, पूल पुन्हा बांधावा लागला, आखणी चुकली, तरी लंडनच्या भागधारकाचे व्याज ठरल्या तारखेला पोहोचत होते. हिंदुस्थानचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी 1872 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना हे स्पष्ट सांगितले: हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळीत गेला की त्याच्या विटा झाल्या, याच्याशी गुंतवणूकदाराला कर्तव्य उरले नव्हते. त्यातच व्याज पौंडांत द्यायचे होते आणि वसुली रुपयांत. करारात विनिमयाचा दर रुपयाला 1 शिलिंग 10 पेन्स धरला होता. पुढे चांदी घसरली, रुपया 1 शिलिंग 4 पेन्सांपर्यंत आला, आणि तो फरकही इथल्या रयतेने सोसला. शतक संपेपर्यंत रेल्वे एकंदरीत सरकारी तिजोरीवरचा बोजाच राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी या धोरणावर जी टीका केली, ती रेल्वेला विरोध म्हणून नव्हती. तोटा इथल्या शेतकऱ्याने भरायचा आणि नफा परदेशात जायचा, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. त्यांचे ते लेख आजही वाचावेत इतके आकडेबद्ध आणि ठणठणीत आहेत.

1869 च्या सुमारास खुद्द इंग्रज सरकारचाही धीर सुटला. यापुढे सरकारने स्वतः कर्ज काढून रेल्वे बांधावी, असे ठरले. खर्च वाचवण्यासाठी लॉर्ड मेयोच्या काळात, 1870 मध्ये, मीटरगेजचा निर्णय झाला. आणि नेमक्या याच वळणावर माळवा पुढे आला. जीआयपीचा मार्ग 1866 मध्येच खांडव्याला पोहोचला होता. 1870 मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी सांधा जुळला आणि मुंबई ते कलकत्ता रूळ सलग झाले. इंदूर या मार्गापासून तसे लांब नव्हते, पण मध्ये नर्मदा आणि विंध्याचा कडा. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर हिशेबी आणि उद्योगी राज्यकर्ते होते. इंदुरात दरबारी कापड गिरणी काढणारे, व्यापाराची नाडी ओळखणारे. त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये देऊ केले. त्या वेळच्या भावाने हे दहा लाख पौंड होत. मुदत 101 वर्षे, व्याज साडेचार टक्के, आणि काम एकच: खांडव्याहून इंदूरला रेल्वे. या मार्गाला नाव मिळाले होळकर स्टेट रेल्वे.

ही अट नीट पाहिली पाहिजे. वर्षाला साडेचार लाख रुपये व्याज. लंडनच्या भागधारकाला जिथे 5 टक्क्यांची हमी लागत होती, तिथे इंदूरचा दरबार अर्धा टक्का कमी घेऊन आणि एका शतकाहून अधिक काळ थांबायला तयार होऊन पैसा देत होता. पैसा पौंडांत परत करायचा नव्हता, त्यामुळे विनिमयाची टांगती तलवार नव्हती. हिंदुस्थानात भांडवलच नाही, म्हणून लंडनपुढे हात पसरावे लागतात, हा जो युक्तिवाद वीस वर्षे चालला होता, त्याला या एका व्यवहाराने उत्तर मिळाले. भांडवल होते. त्याला जवळच्या, डोळ्यांसमोरच्या, आपल्या उपयोगाच्या कामात पडायचे होते. काम सोपे नव्हते. खांडवा ते सनावद हा पहिला भाग 1874 च्या डिसेंबरात सुरू झाला. मोरटक्क्याजवळचा नर्मदेवरचा पूल 5 ऑक्टोबर 1876 रोजी खुद्द तुकोजीरावांच्या हस्ते खुला झाला. त्यापुढे चोरल, कालाकुंड आणि पातालपाणीचा घाट. तिथे चाळीस फुटांमागे एक फूट असा चढ घेत, बोगदे फोडत रूळ महूच्या पठारावर चढवले. या वर्षांतली दोन वर्षे, 1873 ते 1875, इंदूरची दिवाणगिरी सर टी. माधवराव यांच्याकडे होती. तंजावरकडच्या मराठी घराण्यातला हा कारभारी त्रावणकोर गाजवून आला होता आणि इथून बडोद्याला गेला.

शिंद्यांनीही हेच केले, आणि अधिक रकमेने. जयाजीरावांनी 1872 मध्ये आग्रा ते ग्वाल्हेर मार्गासाठी 75 लाख आणि 1873 मध्ये इंदूर ते नीमच मार्गासाठी आणखी 75 लाख रुपये इंग्रज सरकारला कर्जाऊ दिले. म्हणजे माळव्याच्या मीटरगेजचे भांडवल जवळजवळ सगळे दोन मराठी दरबारांचे. आता इंदूर ते नीमच हा मार्ग नकाशावर पाहावा. महू, नीमच आणि पुढे अजमेरजवळचे नसिराबाद या तिन्ही ठिकाणी इंग्रजी छावण्या. 1857 च्या मे महिन्याच्या अखेरीस नसिराबाद, जूनच्या आरंभी नीमच आणि 1 जुलैला महू, अशा तिन्ही छावण्या एकामागून एक उठल्या होत्या. खांडव्याहून निघालेला आणि महू, रतलाम, नीमच करीत अजमेरला जाणारा लोहमार्ग या तिन्ही छावण्या एका दोरीत ओवतो. माझ्या मते हा योगायोग नव्हे. या आखणीत फौज किती लवकर पोहोचेल याचा विचार पहिला होता. महाकालाच्या यात्रेकरूचा किंवा उज्जैनच्या अडत्याचा विचार नंतरचा. म्हणून ज्या शिंद्यांनी पैसा दिला, त्यांच्याच पवित्र नगरीला मुख्य मार्ग शिवला नाही. फतेहाबादहून चौदा मैलांचा फाटा काढून तिची समजूत घातली गेली.

दरबारांच्या व्यवहारातला दोष इथे उघडा पडतो. व्याज मिळाले, पण शब्द मिळाला नाही. रुळांची रुंदी, मार्गाची आखणी, भाड्याचे दर, कुठली गाडी कुठे थांबणार, यातले काहीही कर्ज देणाऱ्याच्या हाती नव्हते. उलट रेल्वेच्या जमिनीवरचा आपला न्यायाधिकारही संस्थानांना इंग्रजांकडे सोपवावा लागला. 1880 नंतर हे मार्ग राजपुताना-माळवा रेल्वेत विलीन झाले आणि होळकर व शिंदे ही नावेही कागदांवरून पुसट होत गेली.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. संस्थानिक हे कुठले गुंतवणूकदार? इंदूरला रेसिडेंट बसलेला, ग्वाल्हेरात 1857 च्या आठवणी ताज्या. इंग्रज सरकारने सुचवल्यावर नाही म्हणण्याची त्यांची काय प्राज्ञा? मग त्यांच्या कर्जाला खासगी भांडवलाचा दाखला म्हणून कसे उभे करायचे? दबाव होता, हे मी मान्य करतो. पण दबावाखालीही व्यवहाराच्या अटी वेगवेगळ्या ठरू शकतात, आणि त्या अटींचाच हा प्रश्न आहे. हैदराबादचे उदाहरण घ्या. 1883 मध्ये निजामाच्या राज्यातल्या रेल्वेसाठी लंडनमध्ये कंपनी उभी करण्यात आली, आणि निजामाच्या तिजोरीने तिला वीस वर्षे 5 टक्क्यांची हमी दिली. तिचे नावच निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. चांद्याच्या बाजूला रेल्वे नेण्याच्या या योजनेविरुद्ध हैदराबादेत जाहीर चळवळ झाली. अघोरनाथ चट्टोपाध्याय तिच्या पुढे होते, आणि त्यासाठी त्यांना शहराबाहेर घालवण्यात आले. निजामाने हमी दिली आणि लंडनचा भागधारक निर्धास्त झाला. शेवटी 1930 मध्ये दरबाराने ती रेल्वे विकत घेतली. इंदूरचा राजा कर्ज देणारा होता, हैदराबादचा राजा जामीन राहिला. दबाव दोघांवरही होता, पण जामीनकी महाग पडली. आपल्याकडे उसने द्यावे पण जामीन राहू नये असे म्हणतात, ते सरकारांनाही लागू पडते.

उज्जैनच्या कहाणीला पुढचे वळण 1896 मध्ये मिळाले. भोपाळ ते उज्जैन ब्रॉडगेज सुरू झाली, भोपाळ आणि ग्वाल्हेर या दोन दरबारांच्या पैशांतून. भोपाळच्या गादीवर शाहजहान बेगम होत्या, ग्वाल्हेरला तरुण माधवराव शिंदे नुकतेच कारभार हाती घेत होते. या वेळी दरबार कर्ज देऊन बाजूला बसले नाहीत. मार्गाची मालकी त्यांची होती, चालवण्याचे काम मात्र मोठ्या रेल्वे कंपनीकडे. मालकी आपली असेल तर मार्ग कुठून न्यायचा हेही आपण ठरवतो. म्हणून हा मार्ग उज्जैनला टाळून गेला नाही, तो उज्जैनसाठीच आला. पुढे तो नागद्याला, तिथून रतलाम, गोध्रा करीत बडोद्याच्या बाजूला जोडला गेला आणि शहर खऱ्या अर्थाने जंक्शन झाले. आज भोपाळहून किंवा गुजरातेतून महाकालाला येणारा प्रवासी ज्या रुळांवरून येतो, ते याच दरबारी भागीदारीचे. 2023 च्या जून महिन्यात भोपाळ-इंदूर वंदे भारत सुरू झाली आणि पुढे ती नागपूरपर्यंत वाढवली. तीही उज्जैनवरून जाते ती याच वाटेने.

माधवरावांचा उल्लेख झालाच आहे तर थोडे थांबतो, कारण मराठी वाचकाला त्यांची एवढीच गोष्ट ठाऊक असते की ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर त्यांची चांदीची आगगाडी फिरायची. या माणसाला रेल्वेचे वेड होते, पण त्याच्या वेडाला हिशेब होता. ग्वाल्हेरहून भिंड आणि शिवपुरीकडे दोन फुटी मापाची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांनी बांधली. 1899 मध्ये लॉर्ड कर्झनच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. स्वस्त माप, दरबारचा पैसा आणि कारभारही दरबारचा. टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळते भांडवल हवे होते, तेव्हा चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्याने उचलणारे हेच माधवराव. ज्या दरबाराने आधी इंग्रज सरकारला कर्ज दिले, तोच पुढच्या पिढीत मालक आणि उद्योगाचा गुंतवणूकदार झाला. उज्जैनलाही या वेडाचा वाटा मिळाला: 1932 मध्ये उज्जैन ते आगर अशी नॅरोगेज सुरू झाली. कर्ज, भागीदारी आणि संपूर्ण मालकी, तिन्ही प्रकार आता एका शहरात तीन मापांच्या रुळांवर उभे होते. आगरचा मार्ग 1970 च्या दशकात बंद झाला, रूळ उखडले गेले, आणि आगरचे लोक आजही रेल्वे मागत आहेत. नॅरोगेजने शहराचे भले केले, पण ती दुसऱ्या कुठल्या रेल्वेशी जुळणारी नव्हती. एकट्याच्या मालकीचे हे दुबळेपण. मालकाचे राज्य गेले की मार्गाचा पाठीराखाही जातो.

कोणी म्हणेल, हमी नसती तर मुळात 1849 मध्ये रूळच पडले नसते. पहिल्या काही मैलांपुरते हे खरे मानायला हरकत नाही. अनोळखी जमीन, अनोळखी पाऊस, मालाचा अंदाज नाही. अशा ठिकाणी पहिला धोका सरकारने उचलावा. पण धोका ओळखीचा झाल्यावरही तीच हमी चालू ठेवणे, हे धोरण नव्हे, सवय होय. आणि ही सवय सुटत नाही. 1880 च्या दुष्काळ आयोगाने रेल्वे वाढवण्याची शिफारस केली. सरकारच्या स्वतःच्या कर्जाने काम हवे तितक्या वेगाने होईना, तेव्हा कमी टक्क्यांची का होईना पण हमी पुन्हा परत आली. दुसऱ्या बाजूला, हमीशिवायही कोणी पैसा घालतो, याचा दाखला आपल्या बार्शीत आहे. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीला सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या कंपनीने व्याजाची हमी न घेता ती बांधली. अडीच फुटी माप, हलके रूळ, तरीही मोठे डबे. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांच्या तिकिटांनी तिला तगवले. जीआयपीच्या स्थापनेच्या काळी इंग्रज हिशेबनिसांना वाटत होते की हिंदुस्थानी माणूस फारसा प्रवास करणार नाही, रेल्वे मालावर चालेल. तिसऱ्या वर्गाच्या यात्रेकरूने तो अंदाज पुरता खोटा ठरवला. उज्जैनच्या सिंहस्थानेही तेच केले. ज्या शहरात यात्रा आहे, तिथे प्रवासी आहेत, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. लंडनच्या हिशेबवहीत ते लिहिलेले नव्हते, एवढेच.

आता आपल्या काळाकडे यायला हवे, कारण उज्जैन इथेही साक्षीला आहे. 2020 च्या फेब्रुवारीत वाराणसी ते इंदूर काशी महाकाल एक्स्प्रेस सुरू झाली. काशी विश्वनाथ, महाकालेश्वर आणि ओंकारेश्वर ही तीन ज्योतिर्लिंगे जोडणारी गाडी, तिचा मार्ग उज्जैनवरून. ती चालवायची आयआरसीटीसीने, म्हणून वर्तमानपत्रांनी तिला खासगी गाडी म्हटले. पण आयआरसीटीसीत मोठा हिस्सा सरकारचाच. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली आणि ती थांबली. त्याच वर्षी 1 जुलैला रेल्वेने खऱ्या अर्थाने खासगी गाड्यांसाठी प्रस्ताव मागवले: 109 जोडमार्ग, 151 गाड्या, 30 हजार कोटींची खासगी गुंतवणूक, 35 वर्षांची मुदत. आरंभी पंधरा-सोळा कंपन्यांनी रस दाखवला. 2021 मध्ये प्रत्यक्ष आर्थिक बोली उघडल्या तेव्हा बोली लावणारे दोनच उरले, आणि त्यांतली एक कंपनी पुन्हा आयआरसीटीसी. सगळी योजना गुंडाळावी लागली. 1849 मध्ये सरकारने नफ्याचे वचन दिले होते. 2020 मध्ये कशाचेच दिले नाही. रूळ रेल्वेचे, सिग्नल रेल्वेचे, गार्ड आणि चालक रेल्वेचे, आणि त्याच रुळांवर रेल्वेच्याच गाड्या स्पर्धेत. तक्रार झाली तर निवाडा करणारा स्वतंत्र नियामक नाही. विवेक देबरॉय समितीने 2015 मध्येच असा नियामक सुचवला होता. खासगी माणूस तोटा सोसायला तयार असतो, पण ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याच हाती घड्याळ, अशा खेळात तो उतरत नाही. कंपन्या भित्र्या होत्या, अशी टीका तेव्हा झाली. मला ती अन्यायाची वाटते. तुकोजीरावांनीही एक कोटी मोजले ते मुदत, व्याज आणि मार्ग कागदावर उतरल्यावरच.

अतिवेगवान रेल्वेत रकमा इतक्या मोठ्या असतात की हे सगळे प्रश्न शंभरपट होतात. मुंबई-अहमदाबाद मार्ग 508 किलोमीटरचा, मूळ अंदाज एक लाख आठ हजार कोटी. त्यातला 81 टक्के भाग जपानी कर्जाचा: व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षे, पहिली 15 वर्षे फेड नाही. बांधणाऱ्या महामंडळात निम्मा वाटा केंद्राचा, महाराष्ट्र आणि गुजरातचा प्रत्येकी पाव. मुदत लांब, व्याज थोडे, कर्ज देणाऱ्याला कामात रस: वाचताना इंदूरच्या त्या कराराची आठवण येते. पण कर्ज येनचे आहे, आणि रुपया-शिलिंगचा धडा इथे विसरून चालणार नाही. शिवाय होळकरांना जे मिळाले नाही, ते जपानने मागून घेतले. तंत्र, गाड्यांचे प्रकार, सुरक्षेचे नियम यांत त्याचा शब्द आहे. कर्ज देणाऱ्याने असा शब्द मागणे गैर नाही, घेणाऱ्याने आपला शब्द सोडू नये इतकेच. खुद्द जपानचे उदाहरण अधिक बोलके आहे. टोकियो-ओसाका शिंकान्सेन बांधताना जपानी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी 1961 मध्ये जागतिक बँकेकडून 8 कोटी डॉलर्सचे कर्ज घेतले. एकंदर खर्चाच्या मानाने ते लहान होते. पण आंतरराष्ट्रीय करार झाला की पुढच्या मंत्रिमंडळांना माघार घेता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. कर्ज घेऊन त्यांनी स्वतःच्या सरकारला बांधून घेतले. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला, सोगोंना 1963 मध्ये पद सोडावे लागले, आणि 1 ऑक्टोबर 1964 ला गाडी ठरल्या दिवशी धावली.

दुसऱ्या टोकाला तैवान. तिथे एका खासगी गटाने सरकारचा पैसा नको म्हणत रेल्वे बांधून चालवण्याचा 35 वर्षांचा हक्क मिळवला, 2007 च्या जानेवारीत गाडी सुरूही केली. प्रवासी होते, गाड्या वेळेवर होत्या, आणि तरीही कंपनी व्याज आणि घसाऱ्याखाली दबली. 2009 मध्ये सरकारला कारभार हाती घ्यावा लागला, 2015 मध्ये भांडवलाची फेररचना झाली आणि मुदत 70 वर्षांवर गेली. पस्तीस वर्षांत न फिटणारे ओझे सत्तर वर्षांत फिटू शकते. तुकोजीरावांची 101 वर्षे यासाठीच महत्त्वाची. रूळ, पूल आणि बोगदे शंभर वर्षे टिकतात, त्यांचे कर्जही तितक्याच सबुरीचे लागते. अशी सबुरी भागधारकाकडे सहसा नसते, ती सरकारकडे असते किंवा दरबारासारख्या संस्थेकडे. म्हणून रूळ आणि पूल यांचे भांडवल सरकारने स्वतः घालावे. गाड्या चालवणे, स्थानकांभोवतीचा विकास, मालाची ने-आण यांत खासगी पैसा यावा. आणि त्याला नफ्याची हमी न देता जमीन, वेळापत्रक आणि निष्पक्ष निवाडा यांची पक्की हमी द्यावी.

शेवटचा आक्षेप उज्जैनमधूनच येतो: गरीब यात्रेकरूच्या देशात तीनशे किलोमीटर वेगाची चैन कशाला, आधी साध्या गाड्यांची गर्दी कमी करा. यात तथ्य आहे, आणि 2028 च्या सिंहस्थाची तयारी करणाऱ्या शहराला ते अधिक जाणवते. पण पैसा कोणत्या अटींवर येतो हा प्रश्न वेगाला जसा लागू, तसा साध्या गाडीलाही लागू. उज्जैन जंक्शनपासून महाकाल मंदिरापर्यंत पावणेदोन किलोमीटरचा रोपवे मंजूर झाला आहे, सुमारे 189 कोटींचा. त्याची रचना अशी की बांधकाम चालू असताना खर्चाचा 60 टक्के भाग सरकार देते, बाकीचा ठेकेदार उभा करतो, आणि तो त्याला पुढे वार्षिक हप्त्यांनी परत मिळतो. प्रवासी कमी आले तर तोटा सरकारचा, काम लांबले किंवा बिघडले तर तोटा ठेकेदाराचा. 1849 च्या हमीत दुसरे वाक्य नव्हते, 2020 च्या प्रस्तावात पहिले नव्हते. तिकडे विंध्यात महू ते ओंकारेश्वर ही मीटरगेज 2023 च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी थांबली. पातालपाणीचा जुना चढ ब्रॉडगेजला झेपणारा नाही, म्हणून घाटातून नवी, अधिक लांबीची आखणी होते आहे. तिचा सगळा खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पातून येतो. होळकरांनी बांधवलेल्या घाटाच्या एका तुकड्यावर, पातालपाणी ते कालाकुंड, पर्यटकांसाठी छोटी गाडी ठेवली आहे. पावसाळ्यात धबधबे पाहायला इंदूरची माणसे तिच्यात बसून जातात.